जुन्या स्पोर्ट्स कारचा तिसरा ब्रेक लाइट

जुन्या स्पोर्ट्स कारला मागे जास्तीचा एलईडी ब्रेक लाइट लावण्याची दोन कारणे आहेत. तिचे मूळ दिवे फार खाली असतात आणि ते उशिरा पेटतात. एमजीए, एमजीबी, ट्रायम्फ अशा १९५० आणि १९६० च्या दशकांतल्या दोन आसनी गाड्या टप चढवलेला असतानाही जेमतेम सव्वा मीटर उंच भरतात. त्यांचे टेललाइट बंपरच्या किंचित वर, कडेच्या कोपऱ्यात बसवलेले, आणि आजच्या मानाने चिमुकले. त्या काळी मागून येणारी गाडीही बहुधा तितकीच ठेंगणी असे, त्यामुळे कोणाचे काही अडले नाही. आता मागे एसयूव्ही असते, नाही तर सिटी बस.

उदाहरणच घ्यायचे तर, इंदूरमध्ये राजवाड्याकडून मल्हारगंजातून विमानतळाच्या दिशेने निघालेल्या वाहनाला बडा गणपती चौक ओलांडावा लागतो. सुमारे २५ फुटी गणेशमूर्तीमुळे या चौकाला हे नाव मिळाले. बस, रिक्षा, ई-रिक्षा आणि दुचाक्या इथे एकमेकींना खेटून चालतात. अशा गर्दीत बसच्या चालकाला पुढच्या बुटक्या गाडीची डिकी दिसते, पण तिचे दिवे त्याच्याच बसच्या नाकाखाली झाकले जातात. मधल्या फटीत एखादी स्कूटर शिरली की दोहोंपैकी एक दिवा तसाही गेला. मध्यभागी आणि थोड्या उंचीवर असलेला तिसरा दिवा अशा वेळी उपयोगी पडतो.

गाडीला जादा दिवे लावण्याची हौस इंदूरला नवी नाही, फक्त पूर्वी ती पुढच्या बाजूला होती. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३० च्या दशकात अमेरिकन ड्युसेनबर्ग एसजे या गाडीची चासी घेतली आणि तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंग या कारखान्याकडून दोन आसनी स्पीडस्टर बॉडी बांधून घेतली. रंग नारिंगी आणि काळा. इंजिन आठ सिलिंडरचे, सुपरचार्जर लावलेले, सुमारे ३२० अश्वशक्तीचे. गाडीच्या पुढे लाल आणि निळे दिवे होते. लाल पेटला की महाराज आणि निळा पेटला की महाराणी गाडीत आहेत, असा संकेत होता असे सांगितले जाते. मागून येणाऱ्याची चिंता तेव्हा कोणालाच नसावी. होळकरांच्या गाडीला मागून गाठणार तरी कोण?

तिसऱ्या ब्रेक लाइटची कल्पना एका मानसशास्त्रज्ञाची. जॉन व्होएव्होड्स्की यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या ३४३ टॅक्सींना मागे मध्यभागी एक जादा पिवळसर दिवा लावला. गाडीचा वेग जितका झपाट्याने कमी होई तितका तो दिवा भरभर लुकलुके. त्यांचे निष्कर्ष १९७४ साली प्रसिद्ध झाले: दिवा लावलेल्या टॅक्सींना मागून बसणाऱ्या धडका सुमारे ६० टक्क्यांनी घटल्या होत्या. पुढे साधा, न लुकलुकणारा लाल दिवा लावून मोठ्या ताफ्यांवर चाचण्या झाल्या, त्यांतही आकडे ५० टक्क्यांच्या आसपास आले. त्या जोरावर अमेरिकेने १९८६ च्या मॉडेलपासून सर्व नव्या मोटारींना उंचावरचा मधला ब्रेक लाइट सक्तीचा केला. मात्र सगळ्याच गाड्यांना तो लागल्यावर नवलाई ओसरली. १९९८ च्या सरकारी अहवालात दीर्घकालीन फायदा ४.३ टक्के इतकाच निघाला. ६० आणि ४ यांतला फरक जाहिरातींत कधी दिसत नाही, पण दिव्याची खरी किंमत चारच्या बाजूला धरलेली बरी. इतक्या स्वस्त वस्तूसाठी चार टक्केही थोडे नाहीत.

या दिव्याचा एक फायदा जुन्या स्पोर्ट्स कारला मिळत नाही, हेही लक्षात ठेवावे. नव्या मोटारीचा मधला दिवा मागच्या काचेत असतो, त्यामुळे तो मधल्या गाडीच्या काचांतून आरपार, तिसऱ्या गाडीच्या चालकालाही दिसतो. डिकीच्या कडेवर, कमरेच्याही खाली बसवलेला दिवा तिथवर पोहोचत नाही. त्याचा उपयोग लगेच मागे असलेल्या वाहनापुरताच.

एलईडी निवडण्याचे मुख्य कारण तेजापेक्षा वेळेचे आहे. साध्या बल्बची तार आधी तापावी लागते, मग ती उजळते. पूर्ण प्रकाश येईपर्यंत सेकंदाचा साधारण पाचवा हिस्सा जातो. एलईडी त्या मानाने तत्क्षणी पेटतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने येणारी मागची गाडी सेकंदाच्या पाचव्या हिश्शात सुमारे साडेचार मीटर पुढे सरकते, म्हणजे एका एमजीबीच्या लांबीहून जास्त. ताशी ४० ला हेच अंतर सव्वादोन मीटर भरते. शहरात ठोकर बसणे न बसणे एवढ्याशा अंतरावरच ठरते.

दुसरे कारण विजेचे. दोन्ही बाजूंचे २१ वॅटचे बल्ब मिळून ४२ वॅट, म्हणजे १२ व्होल्टवर साडेतीन अँपियर प्रवाह घेतात. हा प्रवाह ज्या ब्रेक स्विचमधून जातो तो अनेक ब्रिटिश गाड्यांत ब्रेकच्या तेलाच्या दाबावर चालतो आणि त्याचे काँटॅक्ट लवकर झिजतात. तिथे तिसरा २१ वॅटचा बल्ब जोडणे म्हणजे त्या बिचाऱ्या स्विचवर दीडपट ओझे टाकणे. एलईडीची पट्टी तीन-चार वॅटमध्ये भागते. जुन्या गाडीतला डायनॅमो इंजिन मंद चालत असताना जवळजवळ काहीच वीज देत नाही. सिग्नलला ब्रेकवर पाय ठेवून थांबलेल्या गाडीचे हेडलाइट आणि टेललाइट म्हणूनच मलूल दिसतात. चांगल्या एलईडी दिव्यात प्रवाह स्थिर ठेवणारे सर्किट असते, त्यामुळे व्होल्टेज थोडे उतरले तरी त्याचा प्रकाश तसाच राहतो.

सर्किट नसलेल्या स्वस्त पट्टीचे गणित वेगळे. लाल एलईडीला सुमारे दोन व्होल्ट लागतात, म्हणून तीन एलईडी एका माळेत जोडून उरलेले व्होल्टेज रेझिस्टरवर खर्च केलेले असते. चार्जिंग चालू असलेल्या गाडीत बॅटरीवर १४ व्होल्टहून अधिक येते आणि इंजिन बंद असताना १२ च्या आसपास. त्यामुळे एकच पट्टी कधी भगभगीत, कधी फिकी दिसते. जुन्या डायनॅमोचा रेग्युलेटर बिघडला आणि व्होल्टेज आणखी चढले, तर तिचे आयुष्य तिथेच संपते.

जोडणी करण्याआधी गाडीचे दोन स्वभाव तपासावे लागतात. पहिला, अर्थिंग. एमजीबीत १९६७ पर्यंत, आणि तिच्या आधीच्या एमजी टीसी, एमजी टीडी, एमजीए यांत सर्रास, बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेले असे. साध्या बल्बला वीज कुठल्याही दिशेने आली तरी चालते, एलईडीला चालत नाही. नेहमीच्या सवयीने काळी वायर बॉडीला आणि लाल वायर स्विचला जोडली तर अशा गाडीत दिवा लागणारच नाही. वायरी उलट जोडाव्यात, आणि दिव्याचे घर धातूचे असेल तर ते आतून निगेटिव्हला जोडलेले नाही ना हे पाहावे. नाही तर ब्रेक दाबताच शॉर्टसर्किट ठरलेले.

दुसरा स्वभाव व्होल्टेजचा. युद्धपूर्व काळातल्या बऱ्याच अमेरिकन गाड्या ६ व्होल्टच्या. १२ व्होल्टचा एलईडी दिवा तिथे पेटत नाही किंवा काजव्याइतका पेटतो. उलट एमजीए आणि एमजीबीत सीटमागे ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या सापडतात. त्यांतली एकच बघून गाडी ६ व्होल्टची समजणारे पुष्कळ असतात. प्रत्यक्षात ती १२ व्होल्टचीच. शंका असेल तर मीटर लावावा, अंदाज नको.

वायर कुठून घ्यायची हा पुढचा प्रश्न. ब्रिटिश गाड्यांतल्या लुकास कंपनीच्या वायरिंगमध्ये ब्रेक स्विचकडून टेललाइटकडे जाणारी वायर हिरवी, तिच्यावर जांभळी रेघ असते. डिकीच्या कोपऱ्यात, टेललाइटजवळच्या जोडावर ती हाताशी येते. ज्या गाड्यांत ब्रेक आणि इंडिकेटर वेगवेगळे आहेत त्यांत एवढे पुरते. मात्र सुरुवातीच्या एमजीएत आणि बऱ्याच जुन्या अमेरिकन गाड्यांत ब्रेक आणि इंडिकेटर यांना एकच तार असे. ब्रिटिश गाड्यांत त्यासाठी एक रिले पेटी बसवलेली असते. अशा गाडीत टेललाइटच्या वायरीवरून प्रवाह घेतला, तर उजवीकडे वळण्याचा इशारा देताना मधला दिवाही लुकलुकू लागतो. तिथे वायर थेट ब्रेक स्विचपासून, रिले पेटीच्या आधी घ्यावी लागते. काम थोडे वाढते, पण दुसरा मार्ग नाही.

साठ वर्षे जुन्या वायरीचे रबर आणि कापडी आवरण कडक होऊन तडकलेले असते. तिला ब्लेडने सोलून नवी वायर गुंडाळायची आणि वर टेप मारायची, ही पद्धत सर्वत्र चालते आणि तीच पुढे आग लावते. जोडाच्या जागी लग लावून मूळ कनेक्टरमध्येच नवी वायर बसवली, तर जुनी वायर न कापता काम होते. नव्या वायरीवर एक किंवा दोन अँपियरचा फ्यूज द्यावा. या गाड्यांत फ्यूज मोजून दोन किंवा चार, आणि ते जाडजूड. पातळ वायरीला त्यांचे संरक्षण मिळत नाही.

दिवा कुठे बसवावा यावर हौशी मालकांमध्ये सर्वांत जास्त वाद होतात, आणि ते रास्त आहेत, कारण इथेच गाडीच्या रूपाला धक्का लागतो. युरोपीय नियमांत मधला दिवा जमिनीपासून किमान ८५० मिलिमीटर उंच किंवा मागच्या काचेच्या खालच्या कडेपासून फार तर १५० मिलिमीटर खाली, आणि दोन्ही बाजूंच्या ब्रेक लाइटपेक्षा वर असावा लागतो. त्याचा प्रकाश मध्यरेषेवर किमान २५ कँडेला हवा. बाजूच्या दिव्यांना ही मर्यादा ६० आहे. म्हणजे मधला दिवा मुळात सौम्यच असायचा असतो. डोळे दिपवणारा दिवा लावण्यात शहाणपण नाही. घडीच्या टपाच्या गाडीत काच प्लॅस्टिकची, तीही टपासोबत गुंडाळली जाते. मग डिकीच्या झाकणाची वरची कड, सामानासाठीचा क्रोमचा रॅक किंवा टीसी-टीडीसारख्या गाड्यांत मागे टांगलेले स्टेपनीचे चाक एवढ्याच जागा उरतात. यांत रॅक सर्वांत चांगला. त्याच्या आडव्या दांडीखाली बोटाएवढी पट्टी क्लिपने बसते आणि दिवा बंद असताना नजरेत येत नाही. रॅक नसेल तर रबर लावलेल्या चुंबकाची पट्टी डिकीच्या पोलादी झाकणावर चिकटते. वायर झाकणाच्या बिजागरीजवळून आत घ्यावी, पत्र्याला भोक पाडू नये.

गोव्यात १९९० च्या दशकाच्या अखेरीस सॅन स्टॉर्म नावाची दोन आसनी उघडी गाडी तयार होत होती, तिचे अंग फायबरग्लासचे. फायबरला चुंबक चिकटत नाही आणि त्यातून अर्थही मिळत नाही. अशा गाडीत दिव्याला दोन्ही वायरी ओढाव्या लागतात. अॅल्युमिनियमच्या झाकणालाही चुंबक निरुपयोगी, पण त्यातून अर्थ मात्र मिळतो.

मूळ होल्डरमध्येच एलईडी बल्ब बसवणे हा सोपा पर्याय आहे आणि त्याने वेळेचा फायदा मिळतो, उंचीचा नाही. असा बल्ब घ्यायचा तर लाल प्रकाशाचाच घ्यावा. पांढऱ्या एलईडीत लाल छटा कमी असते, त्यामुळे लाल काचेआड तो फिका, गुलाबीसर दिसतो. इंडिकेटरचे बल्ब बदलू नयेत. जुना फ्लॅशर बल्बच्या प्रवाहाने तापून उघडझाप करतो. एलईडीने तो तापतच नाही.

कायद्याच्या बाजूने या कामात अडचण थोडी आहे, पण आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीपत्रातला तपशील बदलेल असे फेरफार करू देत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १०८ प्रमाणे वाहनाने पुढे लाल आणि मागे लालखेरीज दुसरा प्रकाश दाखवू नये. होळकरांचा संकेत आज चालला नसता. ५० वर्षांहून जुन्या, खासगी वापराच्या दुचाकी आणि चारचाकी वाहनांसाठी २०२१ साली वेगळे नियम आले. त्यांच्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांपुढे ‘व्हीए’ येते, पहिल्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे, आणि गाडी रॅली, प्रदर्शन, इंधन भरणे, दुरुस्ती अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. त्यासाठी चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा लागतो. क्लिपवर बसवलेला आणि पाच मिनिटांत निघणारा दिवा या अटीच्या आड येत नाही. डिकीत कापून बसवलेला दिवा तपासणीत आणि गाडी विकताना, दोन्हीकडे महागात पडतो.

काम झाल्यावर दिवसा उन्हात आणि रात्री दिवे लावून, दोन्ही वेळा मागे दहा-पंधरा पावलांवर उभे राहून पाहावे. ब्रेक सोडल्यावर दिवा मंद जळत राहिला, तर स्विचमधून किंवा ओल्या जोडातून प्रवाह झिरपतो आहे असे समजावे. तेवढा प्रवाह बल्बला कळत नाही, एलईडीला पुरतो. बऱ्याचदा याच तपासणीत मूळ टेललाइटचे होल्डर गंजलेले, अर्थ सैल झालेला आणि काचेमागचा चकचकीत मुलामा उडालेला आढळतो. पैसे एकाच कामापुरते असतील, तर ते आधी या मूळ दिव्यांवर खर्च करावेत.