गोलंदाजाचा हात आणि अंगातील जोर

माघ-फाल्गुनाच्या सुमारास पेणहून नागोठण्यावरून रोह्याकडे निघाले, म्हणजे भात काढून मोकळ्या झालेल्या खाचरांतून ठिकठिकाणी क्रिकेटचे डाव मांडलेले दिसतात. बांध हीच सीमारेषा. अशाच एका खाचराशी आम्ही घटकाभर थांबलो होतो. पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा गोलंदाजी करीत होता. दात आवळलेले, मानेच्या शिरा ताठलेल्या, चेंडू मुठीत करकचून धरलेला. आणि इतका आटापिटा करूनही चेंडू कधी त्याच्याच पायाशी आपटे, तर कधी फलंदाजाच्या डोक्यावरून जाई. बांधावर बसलेले त्याचे काका आम्हांस म्हणाले, "दंड पाहिलेत का याचे? दिवाळीपासून रोज डंबेल्स उचलतो. पण वेग काही वाढत नाही. उलट खांदा दुखतो म्हणून रात्री आईकडून तेल चोळून घेतो."

ही तक्रार त्या एकाच घरची नव्हे. आजोबा जोर-बैठकांचा आग्रह धरतात, शहरातून आलेला थोरला भाऊ व्यायामशाळेतील वजनांची थोरवी सांगतो, आणि आई म्हणते, यांतले काहीच नको. आमच्या मते तिघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. बळ कोठे कमवावे आणि अंग कोठे सैल सोडावे, एवढेच कोणी पाहत नाही.

देशावर ज्वारी राखणारा गडी गोफण फिरवतो, तेव्हा दोरी स्वतः जोर करीत नाही. जोर पायांचा, कमरेचा, पाठीचा. दोरी तो दगडापर्यंत पोचवते, इतकेच. गोलंदाजाचा हात ही ती दोरी होय. धावत येऊन पुढचा पाय टेकला की धाव अडते, आणि अडलेला वेग कमरेतून खांद्याकडे चढतो. वेगवान गोलंदाजाच्या त्या पायावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो. तो पेलावयास मांड्या व पाठ खंबीर हवीत. हात मात्र आवळला, तर त्यास पुढे ओढणाऱ्या स्नायूबरोबर विरुद्ध बाजूचा स्नायूही ताठरतो. म्हणजे बैल हाकावे आणि चाकासही अडण लावावी, तसे होते. चेंडूचे वजन साडेपाच ते पावणेसहा औंस. त्यासाठी पहिलवानी दंड कशास हवा? सैल म्हणजे कोपरात वाकवून फेकलेला हात, असे मात्र कोणी समजू नये. चेंडू सोडताना कोपर १५ अंशांपेक्षा अधिक सरळ होणे आजच्या नियमांस मंजूर नाही.

पळवणकर बाळू पुण्याच्या इंग्रजांच्या क्लबात नोकरीस होते. तेथे कॅप्टन ग्रेग या फलंदाजास त्यांनी तासन् तास चेंडू टाकले. पुढे १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. इतकी मेहनत आवळलेल्या हाताने होत नसते. (ज्या हाताचा चेंडू हिंदूंच्या संघास हवा होता, त्याच हातास चहा मात्र वेगळ्या भांड्यात, बाहेर दिला जाई, हे आमच्यासारख्या घरांनी विसरू नये.) रमाकांत देसाई यांची उंची जेमतेम ५ फूट ४ इंच, तरी ते वेगवान गोलंदाज झाले. १९५९ साली दिल्लीस पहिल्याच कसोटीत या एकोणीस वर्षांच्या मुलाकडून एका डावात ४९ षटके टाकून घेतली गेली! २८ कसोटींत ७४ बळी घेऊन १९६८ मध्ये, ऐन अठ्ठाविसाव्या वर्षी, त्यांची कसोटी कारकीर्द संपली. कारणे अनेक असतील; पण आजचे वैद्य इतका भार कोवळ्या वयात घालू देत नाहीत. वाढत्या वयात कमरेचे मणके पुरते पक्के झालेले नसतात, आणि अति गोलंदाजीने त्यांस बारीक चीर पडते. अशा मुलाची कंबर दुखू लागली, तर तेल चोळून भागत नाही.

तेव्हा बैठका, सूर्यनमस्कार आणि पाठपोटाचे व्यायाम खुशाल करावेत. खांद्यासाठी आमची पसंती हलक्या मुद्गलास. मूठ घट्ट आवळली की मनगट लगेच भरून येते व मुद्गल अडखळतो. सैल धरला की तो स्वतःच्या वजनाने फिरतो. दुसरा गुरू नको.

त्या मुलास आम्ही एवढेच सांगितले, की चेंडू दुसऱ्यास सहज काढून घेता येईल इतका हलका धर, आणि अर्ध्या धावेने ये. पहिले दोन चेंडू भलतीकडे गेले. तिसरा सरळ पडला. काकांनी उत्सुकतेने विचारले, "मग बैठका रोज किती घालाव्यात याने?"

"त्या आठवड्याभराने ठरवू," आम्ही म्हटले, "आधी तो खांदा डॉक्टरांस दाखवा."