सायबर सुरक्षेचें शिक्षण : विद्यापीठानें काय शिकवावें?

विद्यापीठानें कोणता विषय शिकवावा आणि कसा शिकवावा, हा प्रश्न वरवर पाहतां पंडितमंडळींचा वाटतो. परंतु त्याचें उत्तर कांहीं वर्षांनीं प्रत्येक घराच्या उंबरठ्याशीं येऊन ठेपतें. हल्लीं आजोबांचें निवृत्तिवेतन, आजींच्या ठेवीचें व्याज, सुनेचा पगार, नातवाच्या परीक्षेची फी आणि भाजीवालीचे वीस रुपयेहि एका मोबाइलमधूनच जातात-येतात. घराच्या दाराला कडी कशी घालावी हें कोणास शिकवावें लागत नाहीं. पण या नव्या दाराची कडी कोठें आहे, हें घरांतील किती माणसांस ठाऊक असतें? तें सांगूं शकणारीं शहाणीं माणसें तयार करणें हें विद्यापीठाचें काम आहे, आणि म्हणूनच या अभ्यासक्रमाचा विचार कुटुंबवत्सल वाचकांनींहि करावयास हवा.

वसई-विरारच्या रहिवाशांस तर हा प्रश्न अगदीं जवळचा आहे. २००९ सालीं येथें महानगरपालिका झाली, २०१४ सालीं पालघर जिल्हा वेगळा झाला आणि २०२० सालीं मीरा-भाईंदर व वसई-विरार यांसाठीं स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आलें. अभियांत्रिकीचें शिक्षण घेण्यास पूर्वीं येथील मुलांना मुंबईची गाडी धरावी लागे. १९९४ सालीं विद्यावर्धिनीचें अभियांत्रिकी महाविद्यालय वसईस निघालें आणि पुढें विरारलाहि तशी सोय झाली. प्रवेशाचे दिवस आले कीं ‘सायबर सिक्युरिटी’ हे शब्द आतां घरोघरीं ऐकूं येतात. परंतु या नांवाखालीं मुलगा किंवा मुलगी नेमकें काय शिकणार, याची चौकशी करणारे पालक थोडे.

या विषयास आपल्याकडे हळूहळू जागा मिळत गेली. मुंबई विद्यापीठानें संगणक अभियांत्रिकीच्या २०१९ च्या सुधारित अभ्यासक्रमांत गूढलिपिशास्त्र व यंत्रणासुरक्षा हा विषय ठेवला. शिवाय जादा अभ्यास करूं इच्छिणाऱ्यांसाठीं सायबर सुरक्षेची ‘ऑनर्स’ पदवी आंखली. तींत नैतिक हॅकिंग, डिजिटल पुराव्यांचें शास्त्र, सुरक्षाविषयक माहितीचें व्यवस्थापन आणि ॲप्लिकेशनची सुरक्षा असे विषय घेतले. ऑक्टोबर २०२२ मध्यें विद्यापीठ अनुदान आयोगानें पदवी व पदव्युत्तर वर्गांसाठीं सायबर सुरक्षेचा अभ्यासक्रम प्रसिद्ध केला. त्यामुळें हें ज्ञान संगणकशाखेच्या कुंपणाबाहेर, कला व वाणिज्य शाखांच्या विद्यार्थ्यांपर्यंतहि जावें, ही दृष्टि मान्य झाली.

जागतिक विद्वत्संस्थांनीं यापूर्वींच, २०१७ सालीं, या शिक्षणाचा एक आराखडा तयार केला होता. त्यांत ज्ञानाचे आठ विभाग मानले आहेत : माहिती, सॉफ्टवेअर, यंत्राचे घटकभाग, यंत्रांमधील जोडणी, संपूर्ण यंत्रणा, मनुष्य, संस्था आणि समाज. वाचकांनीं या यादीकडे नीट पाहावें. पहिले पांच विभाग यंत्राचे आहेत, पण शेवटचे तीन माणसांचे आहेत. आपल्याकडील शिकवणींत पहिल्या पांचांचा गाजावाजा फार होतो, आणि उरलेल्या तिघांची बोळवण एखाद्या व्याख्यानावर होते. सुरक्षेचा घात मात्र पुष्कळदां तेथेंच होतो.

वसईच्या मुलांस हें समजावयास दूर जावयास नको. वसईच्या कोटाचे तट आजहि उभे आहेत. १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी अप्पांच्या सैन्यानें हा कोट घेतला, तेव्हां तटाची उंची पोर्तुगीजांच्या कामीं आली नाहीं. मराठ्यांनीं तटाच्या पायाशीं सुरुंग लावले आणि बुरुजाला खिंडार पाडलें. रक्षण करणाऱ्याला सर्व बाजू सांभाळाव्या लागतात, चढाई करणाऱ्यास एक बाजू पुरते. सुरक्षाशास्त्राचा पहिला धडा हाच आहे.

पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्यें आलेला प्रसंग या दृष्टीनें अभ्यासण्यासारखा आहे. भामट्यांनीं बँकेच्या संगणकयंत्रणेंत घुसून एटीएमच्या व्यवहारांस मंजुरी देणारी एक खोटी व्यवस्था उभी केली. खातें पाहून होय-नाहीं सांगण्याचें काम खऱ्या यंत्राचें. तें खोट्या यंत्रानें परस्पर ‘होय’ म्हणून उरकलें. शनिवार, तारीख ११ रोजीं अठ्ठावीस देशांतील एटीएमांतून बनावट कार्डांनीं पैसे निघाले. सोमवारीं हाँगकाँगला आणखी रक्कम पाठविली गेली. एकूण सुमारें ९४ कोटि रुपये गेले. हें प्रकरण एका विषयाच्या चौकटींत बसत नाहीं. यंत्रणा कशी फुटली हा अभियंत्याचा प्रश्न. सुटीच्या दिवशीं पहारा कोणाचा हा व्यवस्थापनाचा. अनेक देशांतील चोरांस कोणत्या कायद्यानें धरावयाचें हा विधिज्ञाचा. आणि न्यायालयांत टिकेल असा पुरावा कसा जपावा हा तपास करणाऱ्याचा. हे चौघे एका वर्गांत कधींच बसले नसतील, तर संकटकाळीं एकमेकांची भाषा त्यांस कशी कळावी?

दुसरा प्रकार याहून घरगुती आहे. ‘डिजिटल अरेस्ट’ या नांवानें वृद्धांना लुबाडण्याचे प्रकार अलीकडे देशभर झाले आहेत. पडद्यावर गणवेषधारी मनुष्य दिसतो, तुमच्या नांवावर गुन्हा नोंदला आहे म्हणतो, कोणाशीं बोलूं नका अशी तंबी देतो आणि चौकशीच्या मिषानें ठेवी रित्या करवितो. असली अटक भारताच्या कायद्यांत मुळींच नाहीं. येथें कोणतेंहि यंत्र फुटलेलें नसतें. फुटतें तें मनाचें धैर्य. जन्मभर सचोटीनें वागलेल्या मनुष्यास अब्रूची भीति अधिक वाटते, आणि भरल्या घरांत राहूनहि तो मुलासुनेपासून ही गोष्ट लपवितो. याचा विचार करण्यास मानसशास्त्र हवें, समाजशास्त्र हवें. अभ्यासक्रमांत त्यांना जागा नसेल तर पदवीधर उत्तम कुलपें करील, पण घरमालक आपण होऊन किल्ली कां देतो हें त्यास उमगणार नाहीं. अशी फसवणूक झाल्यास क्षणाचाहि विलंब न लावतां १९३० या क्रमांकावर कळवावें, हें मात्र घरांतील लहानथोरांनीं आजच पाठ करावें.

तेव्हां यंत्रविद्या कमी करावी कीं काय? तसें मुळींच नाहीं. मात्र तिच्या मुळाशीं जावें. खासगी वर्ग पुष्कळदां अमुक साधन कसें चालवावें एवढेंच शिकवितात, आणि साधनें तर चार वर्षांत जुनीं होतात. अमेरिकेंत १९७७ सालीं मान्य झालेली ‘डीईएस’ ही गूढलेखनाची पद्धति २००५ सालीं मोडीत निघाली. तिची जागा घेणारी ‘एईएस’ २००१ सालींच आली होती. पुढील काळांतील क्वांटम संगणकांपुढें टिकाव धरतील अशा पद्धतींचे नवे मानदंड २०२४ सालीं प्रसिद्ध झाले. पण ऑग्युस्त केर्कहॉफ्स यानें १८८३ सालीं मांडलेलें तत्त्व अद्याप अढळ आहे : कुलपाची रचना शत्रूस कळली तरी चालेल, किल्ली तेवढी गुप्त असावी. ज्यानें हें तत्त्व आणि त्यामागील गणित नीट आत्मसात केलें, तो उद्यांचें साधन आपलें आपण शिकेल.

नीतीचा प्रश्न तर पहिल्या वर्षींच घेतला पाहिजे. नोव्हेंबर १९८८ मध्यें रॉबर्ट मॉरिस या अमेरिकन विद्यार्थ्यानें सोडलेला एक प्रोग्राम त्याच्या अपेक्षेबाहेर पसरला, हजारों संगणक ठप्प झाले आणि त्याच्यावर खटला होऊन शिक्षा झाली. हुषार मुलाच्या हातीं शस्त्र द्यावयाचें तर तें चालविण्यासाठीं बंदिस्त आखाडा हवा. बाहेरच्या जगाशीं न जोडलेली प्रयोगशाळा हाच तो आखाडा. परवानगीवांचून दुसऱ्याच्या संगणकांत शिरून केलेल्या आगळिकीस आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ व्या कलमानें तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पांच लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्हीहि होऊं शकतात. ‘गंमत म्हणून केलें’ हें उत्तर तेथें चालत नाहीं.

सर्वांत अवघड प्रश्न शिक्षकांचा. या विद्येंत निष्णात असलेल्यास उद्योगधंद्यांत जो पगार मिळतो, तो महाविद्यालयास देववत नाहीं. यावर २०२२ सालीं अनुदान आयोगानें एक वाट मोकळी केली : पंधरा वर्षांचा अनुभव असलेल्या तज्ज्ञास, त्याच्यापाशीं आचार्य पदवी नसली तरी, ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ म्हणून नेमतां येतें. वसई-विरारहून रोज मुंबईच्या बँकांत आणि कंपन्यांत जाणारीं अनुभवी माणसें थोडीं नाहींत. आपल्याच गांवच्या महाविद्यालयांत त्यांनीं आठवड्यास दोन तास दिले, तर तो मोठा लाभ होईल.

आणखी एक सूचना करावीशी वाटते. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनीं आपल्या प्रकल्पाचा भाग म्हणून ज्येष्ठ नागरिक संघांत, महिला मंडळांत, सहकारी पतपेढ्यांत जावें, लोकांचे प्रसंग ऐकावे आणि सुरक्षेचे नियम समजावून द्यावे. त्या कामास गुणहि मिळावे. येथें मराठीबरोबर सामवेदी, वाडवळी, कोळी अशा बोली घरोघरीं नांदतात. शास्त्रांतील कठीण गोष्ट आजीला तिच्या बोलींत सांगतां आली, म्हणजे ती आपल्याला खरोखर कळली असें विद्यार्थ्यानें समजावें.

म्हणून प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वीं पालकांनीं महाविद्यालयास चार प्रश्न विचारावे. गणित आणि संगणकाचीं मूलतत्त्वें किती शिकवितां? बंदिस्त प्रयोगशाळा आहे काय? कायदा, नीति व मानवी स्वभाव यांस किती तास आहेत? आणि शिकविणाऱ्यांपैकीं कोणी हें काम प्रत्यक्ष केलें आहे काय? पगाराचा आंकडा विचारण्यांत गैर कांहींच नाहीं. पण तो पांचवा प्रश्न असावा. जी मुलगी किंवा जो मुलगा आज या वर्गांत बसेल, त्याच्याच भरंवशावर उद्यां आपलीं पेन्शनें आणि पतपेढ्या राहावयाच्या आहेत. म्हणून आधींचे चार प्रश्न विचारण्यास पालकांनीं संकोच करूं नये.