वंशावळीतले नामवंत

वंशावळीत दहा पिढ्या मागे गेले की हिशेबाने त्या पिढीतल्या पूर्वजांची संख्या 1,024 भरते. पिढी 25 ते 30 वर्षांची धरली, तर हा काळ पेशवाईपर्यंत जातो. या पूर्वजांच्या भावाबहिणींचा विस्तार मोजला तर त्यात एखादा सेनानी, पुढारी किंवा विद्वान निघणे मुळीच नवलाचे नाही. कठीण असते ते नाते पिढी न पिढी कागदावर सिद्ध करणे.

आडनावाचा आधार येथे फार कच्चा ठरतो. ठाण्यात कशेळी पुलाच्या अलीकडे असलेल्या बाळकुममध्ये आणि शेजारच्या कोलशेत, ढोकाळीत आगरी-कोळी घरे पुष्कळ आहेत आणि त्यांत पाटील हे आडनाव सर्रास आढळते. उरण तालुक्यातील जासईचे दि. बा. पाटील (1926–2013) हे भूमिपुत्रांच्या लढ्याचे नेते. बाळकुमच्या एखाद्या पाटलाला ते आपल्या भावकीतले असावेत असे वाटणे स्वाभाविक आहे. पण पाटीलकी हे गावचे वतन होते. गावोगाव वेगवेगळी घराणी पाटील झाली. समाज एक आणि आडनाव एक, एवढ्याने भावकी ठरत नाही.

म्हणून शोध नेहमी स्वतःपासून मागे न्यावा लागतो. नामवंताकडून खाली उतरू लागले की मधली अडचणीची पिढी अंदाजाने भरण्याचा मोह होतो. ज्यांच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापलेला आहे, त्यांना गोत्र, कुलदैवत, मूळ गाव आणि शाखा एका ठिकाणी मिळतात. आगरी, कोळी, कुणबी घरांना बहुधा ती सोय नसते; त्यांचा मोठा आधार म्हणजे महसुली दप्तर. सातबाऱ्यावरच्या फेरफार क्रमांकावरून जुना फेरफार काढला की त्यात वारसनोंद सापडते: खातेदार कधी मयत झाला, मागे विधवा कोण, मुलगे किती, अज्ञान कोण. एका नोंदीत दोन पिढ्या जोडल्या जातात. जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदी, म्हणजे गाव नमुना 14, हा दुसरा आधार. यांतले जुने कागद मोडी लिपीत असतात, तेव्हा मोडी वाचणारा माणूस गाठावाच लागतो.

तिसरा आधार तीर्थोपाध्यायांचा. नाशिक आणि त्र्यंबकेश्वरला त्यांच्याकडे यजमानांच्या नामावळीच्या वह्या असतात. मूळ गाव आणि आडनाव सांगितले की वही निघते. पूर्वी कोण आले, त्यांचे वडील, भाऊ, मुलगे कोण, हे तीत लिहिलेले असते आणि पुष्कळदा खाली आलेल्याची सही असते. पणजोबांचे हस्ताक्षर पाहायला मिळण्याची जागा बऱ्याच घरांना तेवढी एकच आहे.

नाते सापडले तरी ते नेमके कोणते, हा प्रश्न उरतोच. झाशीचे नेवाळकर हे याचे ठळक उदाहरण. हे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील लांजा तालुक्यातल्या कोट गावचे. त्यातील रघुनाथ हरी 1770च्या सुमारास झाशीचे सुभेदार झाले. आजच्या एखाद्या नेवाळकराची शाखा या वंशावळीत बसली, तर झाशीचे गंगाधरराव त्याचे रक्ताचे भाऊबंद. राणी लक्ष्मीबाई मात्र त्या कुळातली सून. तिचे माहेर मोरोपंत तांब्यांचे. गंगाधररावांनी नोव्हेंबर 1853 मध्ये मृत्यूच्या आदल्या दिवशी भाऊबंदांपैकी वासुदेवराव नेवाळकरांचा मुलगा आनंदराव दत्तक घेतला आणि त्याचे नाव दामोदरराव ठेवले. कंपनी सरकारने हे दत्तकविधान मानले नाही आणि 1854 मध्ये झाशी खालसा केली. वंशावळीत दामोदररावांची रेघ गंगाधररावांखाली येते, रक्ताची वासुदेवरावांकडे जाते. दोन्ही दाखवल्या तरच ती वंशावळ खरी.

गावावरून पडलेल्या आडनावांतही हीच खबरदारी हवी. आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांचे वडील मालवण तालुक्यातील वराडच्या घराण्यातले. 2017 मध्ये लिओ पंतप्रधान झाले आणि 2019च्या अखेरीस कुटुंबासह गावी येऊन गेले. गावातल्या त्यांच्या आप्तांचे नाते उघड आहे. पण जगातला प्रत्येक वराडकर त्यांचा नातेवाईक ठरत नाही.

जुन्या वंशावळींचा सर्वांत मोठा दोष असा, की त्यांत बायका जवळजवळ नाहीत. लेक लग्न होऊन गेली की तिची शाखा तुटते आणि सुनेचे माहेर कोणी लिहीत नाही. त्यामुळे अर्ध्याहून अधिक नाती शोधाबाहेर राहतात, आणि नामवंत आप्त आजीच्या किंवा पणजीच्या बाजूने निघण्याचा संभव तितकाच असतो. ही माहिती महसुली दप्तरात क्वचितच मिळते. ती वडीलधाऱ्यांच्या स्मरणात असते. बाळकुमसारख्या गावांत शेतांच्या जागी टॉवर उभे राहिले आणि भावकी पांगली, तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजी-पणजीचे माहेरचे नाव, गाव आणि कुलदैवत विचारून आजच वहीत तारखेनिशी लिहून ठेवावे.