स्पॅनिशशी ओळख : लेखांक १७ – कुलूप की नळ?

अनियमित क्रियापदं आज घ्यायची ठरलं होतं, पण ती पुढच्या आठवड्यात. ग्वादलहाराहून एका वाचकाचं पत्र आलंय आणि त्यात माझा अतिशय लाडका शब्द आहे. तो बाजूला ठेवून पुढे जाणं मला जमणार नाही.

हे गृहस्थ नोकरीनिमित्त मेक्सिकोत खोली भाड्याने घेऊन राहतात. घरमालकीणबाई रोज बजावायच्या, ‘सिएर्रा ब्येन ला याबे.’ बंद कर, नीट, किल्ली, असे तिन्ही शब्द त्यांना येत होते. म्हणून ते कुलूप लावून दोन-दोनदा ओढून बघायचे. इकडे न्हाणीघरात नळ ठिबकतच होता आणि बाईंचा पारा चढत होता. मेक्सिकोत याबे म्हणजे नळसुद्धा!

बाईंना कुलूपच लावायला सांगायचं असतं, तर त्या म्हणाल्या असत्या, ‘सिएर्रा कोन याबे.’ ‘कोन’ म्हणजे आपला ‘ने’ प्रत्यय : किल्लीने बंद कर. ‘कोन याबे’ ऐकलं की दाराकडे जायचं, ‘ला याबे’ ऐकलं की नळाकडे. मला विचाराल तर शब्दकोशातली अर्थांची लांबलचक यादी घोकूच नये. ही दोन वाक्यं मोठ्याने म्हणत राहावं. शब्द आपल्या शेजाऱ्यांसकट लक्षात राहतो.

नळाला याबे चिलीतही म्हणतात. स्पेनमध्ये मात्र तो ‘ग्रिफो’ आणि पेरूमध्ये ‘कान्यो’. पेरूत ग्रिफो कुठे आहे असं विचारलंत, तर लोक पेट्रोल पंप दाखवतील. ब्वेनोस आयरेसमध्ये नळ ‘कानिया’ होतो आणि याबे भिंतीवर चढून दिव्याचं बटण बनते. तिथले लोक तिचा उच्चारही ‘शाबे’ असा करतात.

गॅरेजमध्ये याबे म्हणजे पाना. आपला स्क्रू पाना स्पेनमध्ये ‘याबे इंग्लेसा’, म्हणजे इंग्लिश पाना. मेक्सिकोतले मेकॅनिक त्यालाच ‘पेरिको’ म्हणतात, पेरिको म्हणजे पोपट. त्याचा जबडा बघा, नाव पटेल.

पण माझी सगळ्यात आवडती याबे आखाड्यातली. मेक्सिकोत १९३३पासून ‘लुचा लिब्रे’ ही मुखवटेधारी मल्लांची कुस्ती रुजली. तिच्यात हातपाय अडकवून प्रतिस्पर्ध्याला जखडणारी पकड म्हणजे याबे. चंदेरी मुखवट्याच्या एल सान्तोची ‘ला दे आ काबायो’, म्हणजे घोडेस्वारी, विशेष गाजली. समोरचा पालथा पडला की त्याच्या पाठीवर बसायचं, दोन्ही हातांनी हनुवटी धरायची आणि मान मागे खेचायची. ते एकदा पाहिलं की किल्लीचा शब्द कुस्तीत कसा शिरला हे वेगळं सांगावं लागत नाही.

आता आपल्या घरात येऊ. लॅटिन ‘क्लाविस’चं स्पॅनिशमध्ये याबे झालं आणि पोर्तुगीजमध्ये ‘चावे’. आपली चावी आली ती या पोर्तुगीजांकडून. आजचे पोर्तुगीज तिथे ‘श’ म्हणतात. सोळाव्या शतकातला त्यांचा ‘च’ आपण मात्र जपून ठेवलाय. मुंबईत पालिकेच्या पाण्याचे व्हॉल्व्ह फिरवून वस्तीचं पाणी सोडणारा तो चावीवाला. स्पॅनिशमध्येही जलवाहिनीवरच्या त्या व्हॉल्व्हला ‘याबे दे पासो’ म्हणतात. चावी आणि पाणी यांची सांगड दोन्हीकडे बसलेली पाहून मला आजही आनंद होतो.

एका ठिकाणी मराठी माणूस हमखास फसतो. घड्याळाला आपण चावी देतो, म्हणून तो ‘दार याबे’ म्हणून मोकळा होतो. तिथे म्हणायचं ‘दार कुएर्दा’. कुएर्दा म्हणजे दोरी, गिटारची तार आणि घड्याळाची स्प्रिंगसुद्धा. तिच्यावर लिहायला बसलो तर अनियमित क्रियापदं पुन्हा लांबतील. तेव्हा पुढच्या आठवड्यात ‘तेनेर’ आणि ‘बेनिर’. दोन्हींची वर्तमानकाळाची रूपं एकदा वाचून ठेवा.