अश्मसंग्रह आणि दडविलेल्या ठेव्याचा खेळ

उपग्रहांवरून स्थाननिश्चिती करणाऱ्या यंत्रणेत बुद्ध्याच ठेवलेली अशुद्धी अमेरिकेने मे २००० मध्ये काढून टाकली; लगोलग ओरेगॉन राज्यात एकाने रानात डबा अर्धवट पुरून त्याचे अक्षांश-रेखांश प्रसिद्ध केले. ‘जिओकॅशिंग’ हा खेळ तेथून सुरू झाला. अशा डब्यांत जीवाश्म व खडकांचे तुकडे ठेवून आपला संग्रह इतरांस वाटण्याची हौस स्तुत्य खरी. परंतु नमुन्याचे शास्त्रीय मोल त्याच्या मूळ स्थळात व थरात असते. आपल्याकडे कोणी कच्छमधील जुरासिक काळाचा अ‍ॅमोनाइट सह्याद्रीच्या माथ्यावर दडविला आणि डबा फुटला, तर बेसाल्टच्या लाव्ह्यावर हा सागरी प्राणी आला कोठून, हे कोडे पुढील अभ्यासकाने सोडवीत बसावे! म्हणून स्थळ व थर यांची नोंद नमुन्यावरच शाईने करावी. सुटी चिठ्ठी हरवावयाचीच. जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ अमेरिका या संस्थेने २००४ मध्ये आरंभिलेल्या ‘अर्थकॅश’ प्रकारात तर डबाच नसतो. शोधक उघड्या खडकापाशी जातो, थरांचा कल व कणांचा आकार निरखून प्रश्नांची उत्तरे धाडतो. दगड जागच्या जागी राहतो.