वाहतें पाणी आणि निर्मळ पाणी

“वाहतें पाणी निर्मळ” हें वचन प्रत्येक मराठी घरांत लहानपणापासून कानीं पडतें. ओढ्याचें पाणी धोंड्यांवरून खळाळत जातांना दिसलें, तळाचे गोटे स्पष्ट दिसले, कीं पाहणाराचें मन निःशंक होतें आणि मुलें अंगरखे काठावर टाकून डोहांत उड्या घेतात. या वचनांत खोटें कांहींच नाहीं. परंतु त्यांत सत्याचा अर्धाच भाग आहे. आणि उरलेला अर्धा ज्यास ठाऊक नसतो, त्याला तो कधीं कधीं विषमज्वराच्या अंथरुणावर शिकावा लागतो.

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यांतील राजूर हें गांव तेथील गणपतीमुळें सर्व मराठवाड्यास परिचित आहे. अंगारकी चतुर्थीस दूरदूरच्या गांवांहून पायीं येणाऱ्या भाविकांची तेथें मोठी गर्दी लोटते. हा मुलूख काळ्या पाषाणाचा. वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटरच्या आसपास, आणि तोहि बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. येथले ओढे पावसाळ्यांत गढूळ होऊन धांवतात, हिवाळ्यांत नितळ होऊन मंदपणें वाहतात, आणि उन्हाळ्यांत त्यांची धार तुटून ठिकठिकाणीं डोह तेवढे उरतात. त्यांचें पाणी अखेर पूर्णा नदीच्या वाटेनें गोदावरीस मिळतें.

अशा ओढ्याविषयीं दोन प्रश्न विचारतां येतात. पहिला, यांत माणसानें पोहावें काय? दुसरा, यांत मासे व इतर जलचर सुखानें नांदूं शकतील काय? सर्वसाधारण समजूत अशी आहे कीं, हे दोन्ही प्रश्न एकच आहेत. मासे जगतात तेथें माणसास भय नाहीं. ही समजूत चुकीची आहे. माशाची गरज निराळी आणि माणसाचें भय निराळें. पहिल्यास प्राणवायू हवा असतो. दुसऱ्यास रोगजंतू नको असतात. वाहण्यानें पाण्यांत प्राणवायू येतो, परंतु वाहण्यानें जंतू जात नाहींत. म्हणीचा अर्धा भाग खरा आणि अर्धा अपुरा ठरतो, तो येथें.

१९७४ च्या जलप्रदूषण-निवारण कायद्यान्वयें स्थापन झालेल्या केंद्रीय मंडळानें पाण्याचे उपयोगानुसार पांच वर्ग पाडले आहेत. त्यांपैकीं एक वर्ग उघड्यावरील स्नानाचा आणि दुसरा मासे व वन्य जीवांचा आहे. जलचरांसाठीं एका लिटर पाण्यांत विरघळलेला प्राणवायू निदान ४ मिलिग्रॅम असावा, आम्ल-अल्कतेचा अंक ६.५ ते ८.५ यांच्या दरम्यान असावा आणि मुक्त अमोनिया १.२ मिलिग्रॅमहून अधिक नसावा, असें हें माप आहे. स्नानाच्या पाण्यांत प्राणवायू ५ मिलिग्रॅम हवा. शिवाय २००० सालच्या नियमांप्रमाणें विष्ठेंतून येणाऱ्या कॉलिफॉर्म जंतूंची संख्या १०० मिलिलिटर पाण्यांत ५०० च्या आंत असणें इष्ट आहे आणि २५०० ही तिची शेवटची मर्यादा आहे. माशांच्या वर्गांत जंतूंचा उल्लेखच नाहीं, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. माणसाच्या आंतड्यांतील जंतूंनीं माशास पटकी होत नाहीं.

प्रथम माशाचा विचार करूं. २० अंश उष्णतेच्या पाण्यांत लिटरमागें सुमारें ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळूं शकतो. तेंच पाणी ३५ अंशांपर्यंत तापलें कीं ७ मिलिग्रॅमहि कष्टानें मावतो. म्हणजे वैशाखांत ओढा आटतो, माशांची दाटी होते आणि त्याच वेळीं श्वासाचा सांठाहि घटतो. त्यांत सांडपाणी, शेण किंवा निर्माल्य पडलें तर संकट वाढतें. फुलें व दूर्वा हें कांहीं विष नव्हे. परंतु तें सर्व कुजविणारे सूक्ष्म जीव पाण्यांतील प्राणवायू वापरून टाकतात. पाण्याची ही भूक मोजण्याची रीत इंग्लंडांत ठरली तेव्हां नमुना पांच दिवस बंद ठेवीत; आपल्या उष्ण देशांत तो २७ अंशांवर तीन दिवस ठेवून किती प्राणवायू खर्च झाला तें पाहतात. स्नानाच्या पाण्यांत ही भूक लिटरमागें ३ मिलिग्रॅमहून अधिक नसावी.

येथें एक फसगत संभवते. शेवाळानें हिरव्या झालेल्या डोहांत दुपारीं तीन वाजतां प्राणवायू मोजला तर तो विपुल आढळेल, कारण सूर्यप्रकाशांत वनस्पती तो निर्माण करीत असतात. परंतु रात्रीं निर्मिती थांबते आणि श्वसन मात्र चालूच राहतें. पहांटे त्याच डोहांत मासे पृष्ठभागावर तोंडें उघडून तडफडतांना दिसतात. म्हणून प्राणवायू मोजावयाचा तर सूर्योदयापूर्वीं मोजावा. बुडापेस्टच्या विंकलर यानें १८८८ सालीं बसविलेली त्याची रासायनिक रीत इतकी सोपी आहे कीं, ती शाळेच्या प्रयोगशाळेंतहि करतां येते.

अमोनियाची गोष्टहि अशीच आहे. गुरांच्या मुतानें व सांडपाण्यानें पाण्यांत अमोनिया येतो. परंतु त्याचा सगळाच भाग माशास घातक नसतो. जो मुक्त स्वरूपांत राहतो तोच घातक. ३० अंशांच्या पाण्यांत आम्ल-अल्कतेचा अंक ७ असतां हा मुक्त भाग शेंकडा एकाहूनहि कमी असतो, अंक ८.५ झाला कीं तो शेंकडा २० पर्यंत चढतो. काळ्या पाषाणाच्या मुलखांतील पाणी मुळांतच थोडें अल्कधर्मी असतें, आणि शेवाळ दाटलें कीं दुपारीं तें अधिकच होतें. तेव्हां एकच सांडपाणी एका ओढ्यांत निभावून जातें आणि दुसऱ्यांत मासे मारतें, यांत नवल नाहीं.

उपकरणांवांचूनहि साक्ष मिळते. ओढ्यांतले दगड उलटून पाहावेत. शेपटीशीं दोन-तीन बारीक तंतू असलेलीं मेफ्लाय नांवाच्या माशीचीं पिल्लें, किंवा वाळूच्या कणांचें घरटें अंगावर वागविणाऱ्या अळ्या आढळल्या, तर तेथें प्राणवायूची उणीव बहुधा कधींच पडलेली नाहीं असें समजावें. उलट गाळांत केवळ लाल अळ्या व तांबूस बारीक गांडुळें वळवळत असतील, तर पाणी गुदमरलेलें आहे. त्या अळ्यांच्या अंगांत रक्ताप्रमाणेंच प्राणवायू धरून ठेवणारा लाल पदार्थ असतो, म्हणून त्या तेथें तग धरतात. जर्मनींत कोल्कविट्झ व मार्सोन यांनीं १९०८ आणि १९०९ सालीं अशा जीवांच्या याद्या प्रसिद्ध करून या परीक्षेस शास्त्राचें रूप दिलें. नमुन्याची बाटली एका क्षणाची हकीकत सांगते. दगडाखालचा जीव मागच्या कित्येक आठवड्यांची सांगतो. मात्र मरळ किंवा मांगूर दिसला म्हणून पाणी उत्तम असें कोणी मानूं नये. हे मासे वर येऊन हवेंतून श्वास घेऊं शकतात.

आतां माणसाचा प्रश्न. डोळ्यांस नितळ दिसणारें पाणी किती दगा देऊं शकतें, याचा दाखला नारूनें दिला आहे. पायऱ्यांच्या विहिरींचें स्वच्छ दिसणारें पाणी पिऊन महाराष्ट्रांतहि लोक या रोगानें पांगळे होत. पाणी गाळून पिण्याच्या व विहिरी सुधारण्याच्या मोहिमेनें तो हटला. भारतांतला शेवटचा रोगी १९९६ सालीं नोंदला गेला आणि २००० सालीं देश नारूमुक्त ठरला. पटकी, विषमज्वर, हगवण व कावीळ यांचे जंतू त्याहूनहि सूक्ष्म आहेत. पोहणारा मनुष्य पाणी पीत नाहीं असें म्हणतो. परंतु मुलाच्या पोटांत एखादा घोट गेल्यावांचून राहत नाहीं. शिवाय उंदीर व गुरें यांच्या मुतांतून येणारे लेप्टोस्पायरा जंतू पायावरच्या लहानशा जखमेंतूनहि शरीरांत शिरतात.

वाहण्यानें हे जंतू मरत नाहींत काय? मरतात, पण उन्हानें आणि काळानें. ओढा सेकंदास अर्धा मीटर या वेगानें वाहत असेल तर एक किलोमीटर अंतर तो सुमारें ३३ मिनिटांत तोडतो. जंतूंचें आयुष्य दिवसांनीं मोजावें लागतें. वरच्या वस्तीचें सांडपाणी अर्ध्या तासांत मुलांच्या डोहांत पोंचतें. आणि वाटेंतल्या खळाळानें त्यास प्राणवायू मिळून तें अधिकच स्वच्छ दिसूं लागतें.

म्हणून परीक्षा करावयाची ती एकदां करून भागत नाहीं. वस्तीच्या वर, वस्तीच्या खालीं आणि पोहण्याच्या डोहाशीं असे तीन ठिकाणचे नमुने हवेत. आणि ते पहिल्या पावसानंतर, हिवाळ्यांत, उन्हाळ्यांत व यात्रेनंतर असे चार वेळां घ्यावेत. नमुना घेतांना प्रवाहाकडे तोंड करून उभें राहावें, म्हणजे आपल्याच पायांनीं उठलेला गाळ बाटलींत येत नाहीं. बाटली प्रयोगशाळेंतून निर्जंतुक करून आणलेली असावी, तिचें तोंड पाण्याखालीं उघडावें आणि ती बर्फांत ठेवून त्याच दिवशीं प्रयोगशाळेंत पोंचवावी. घरच्या घरीं प्राथमिक अदमास घेण्यास १९८२ सालीं ग्वाल्हेरच्या संरक्षण-संशोधन संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं एक सोपी कुपी सुचविली आहे. विष्ठेचा संसर्ग असल्यास तींतील पाणी एक-दोन दिवसांत काळें पडतें. ती काळी न पडली तरी पोहण्याचा परवाना मिळाला असें नव्हे. काळी पडली तर मात्र प्रश्नच उरत नाहीं.

परीक्षेचा निकाल हातीं येईपर्यंत गृहस्थानें इतकें तरी पाळावें. पहिल्या मोठ्या सरीनंतर कांहीं दिवस मुलांस ओढ्यांत उतरूं देऊं नये. कारण रानांतील खत, फवारणीचीं औषधें आणि उघड्यावरची सर्व घाण त्याच सरीनें ओढ्यांत येते. अंगावर जखम असतां पाण्यांत जाऊं नये. निर्माल्य ओढ्यास न वाहतां झाडाच्या आळ्यांत घालावें. आणि डोहांत मासे खेळतांना दिसले तर त्यांत आनंद जरूर मानावा, कारण तो ओढा अजून जिवंत आहे. परंतु मुलास पाण्यांत सोडण्यापूर्वीं त्याच ओढ्याच्या काठानें वर चालत जाऊन, त्यांत कोणकोणाचें पाणी मिसळतें तें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहून यावें.