स्वाध्याय विकत मिळत नाही

आपल्या धर्मात तपाचे बारा प्रकार सांगितले आहेत. सहा बाह्य आणि सहा आभ्यंतर. उपवास, ऊणोदरी, रसत्याग ही बाह्य तपे घरातील लहान मुलांनाही ठाऊक असतात. आभ्यंतर तपांत विनय आणि ध्यान यांच्या पंक्तीला स्वाध्याय बसतो, हे मात्र आपल्याला चटकन आठवत नाही. हाच शब्द आपल्या मुलांच्या शालेय पुस्तकांत पाठाच्या शेवटी छापलेला असतो. मूल महाविद्यालयात गेले की स्वाध्यायाची ‘असाइनमेंट’ होते आणि तिच्या जोडीला ‘प्रेझेंटेशन’ येते. शब्द परका झाला की कामही परके वाटू लागते, आणि ते कोणाकडून तरी उरकून घ्यावे असा विचार घरात सुरू होतो. त्या विचाराबद्दलच येथे चार शब्द लिहावयाचे आहेत.

जालना जिल्ह्यातील बहुतेक पदवी महाविद्यालये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहेत. लेखी परीक्षेबरोबर अंतर्गत मूल्यमापनाचे गुण असतात आणि इंग्रजीच्या तासाला विद्यार्थ्याने काही लिहून आणावे, वर्गापुढे उभे राहून काही सांगावे, अशी अपेक्षा असते. आपल्या घरचा विद्यार्थी भाषेच्या बाबतीत दरिद्री नसतो. तो घरात मारवाडी बोलतो, पेढीवर मराठी आणि हिंदी बोलतो, स्थानकात किंवा मंदिरात प्राकृत पाठ म्हणतो. तरीही इंग्रजीच्या तासाला नाव पुकारले की त्याचा घसा कोरडा पडतो. मग झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळणारी असाइनमेंट, वरच्या वर्गातील मुलाची जुनी वही, आणि अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाने क्षणात लिहून दिलेली चार पाने हाताशी येतात. गुण मिळतात, वर्ष निघून जाते, आणि मुलाचे मौन तसेच राहते.

हे मौन केवळ आपल्या गावचे नाही. जपानमध्ये त्याचा फार जुना अनुभव आहे. त्या देशाशी आपल्या समाजाचा परिचयही आहे. कोबे शहरात मोत्यांच्या व्यापारासाठी स्थायिक झालेल्या जैन कुटुंबांनी तेथे भगवान महावीरस्वामींचे संगमरवरी मंदिर उभारले, ते १९८५ साली. अशा प्रगत देशातील विद्यार्थी माध्यमिक आणि उच्च माध्यमिक शाळेत मिळून सहा वर्षे इंग्रजी शिकून विद्यापीठात येतो. व्याकरण त्याला येते, शब्द येतात, उतारा समजतो. पण शिक्षकाने प्रश्न विचारला की वर्ग खाली मान घालून बसतो.

याची कारणे तेथील शिक्षणपद्धतीत आहेत. ‘याकुदोकु’ नावाची पद्धत तेथे दीर्घकाळ रूढ होती. इंग्रजी वाक्य घ्यायचे, शब्दाला शब्द लावायचा, जपानी क्रमाने मांडायचे आणि अर्थ काढायचा. प्रवेशपरीक्षेला एवढे पुरत असे. त्यात तोंड उघडण्याचा प्रसंगच येत नसे. हॅरॉल्ड पामर या इंग्रज भाषातज्ज्ञाला जपानच्या शिक्षण मंत्रालयाने १९२२ साली सल्लागार म्हणून बोलावले. आधी कान आणि तोंड, मग डोळा आणि लेखणी, असा त्यांचा आग्रह होता. चौदा वर्षे त्यांनी तेथे काम केले, तरी परीक्षेची पकड पूर्ण सुटली नाही. पुढे १९७९ साली जपानी पुढाकारातून ‘टोइक’ ही व्यवसायातील इंग्रजीची परीक्षा सुरू झाली. तिच्यातही सुरुवातीला ऐकणे आणि वाचणे एवढेच तपासले जाई. बोलणे आणि लिहिणे यांची भर पुष्कळ वर्षांनी पडली. शिवाय चारचौघांत चूक होण्याची लाज आहेच. जालन्याच्या वर्गातील मुलामुलींना ही लाज समजावून सांगण्याची गरज नाही.

या दोन्ही ठिकाणच्या मौनाचे निदान आपल्याच शास्त्रात सापडते. आगमांत स्वाध्यायाची पाच अंगे सांगितली आहेत: वाचना, पृच्छना, परिवर्तना, अनुप्रेक्षा आणि धर्मकथा. तत्त्वार्थसूत्रातही हीच पाच अंगे थोड्या वेगळ्या नावांनी व क्रमाने येतात. वाचना म्हणजे पाठ घेणे. पृच्छना म्हणजे न समजलेले विचारणे. परिवर्तना म्हणजे पुन्हा पुन्हा आवृत्ती करणे. अनुप्रेक्षा म्हणजे मनात घोळवून अर्थ आपलासा करणे. आणि धर्मकथा म्हणजे जे समजले ते दुसऱ्याला सांगणे. इतरांना सांगणे सर्वांत शेवटी ठेवले आहे, कारण आधीची चार अंगे झाल्यावरच सांगण्याचा अधिकार येतो.

आता ही मोजपट्टी वर्गाला लावून पाहावी. जपानी विद्यार्थी वाचना आणि परिवर्तना यांत निष्णात होता. त्याला पृच्छनेची सवय नव्हती आणि धर्मकथेची संधी नव्हती. आपला विद्यार्थी तयार पाने हातात घेऊन थेट पाचव्या अंगावर उडी मारतो. मधली तिन्ही अंगे त्याने केलेलीच नसतात. म्हणून पडद्यावर सुंदर स्लाइड दिसत असतात आणि तो त्यांच्याकडे तोंड करून, श्रोत्यांकडे पाठ फिरवून वाचत असतो. एखाद्याने साधा प्रश्न विचारला की सगळा डोलारा कोसळतो.

पाठांतराला येथे नावे ठेवायची नाहीत. प्रतिक्रमणाची सूत्रे आपण पाठ करतो, ते योग्यच आहे. पण ज्या मुलाने सूत्राचा अर्थ कधी विचारला नाही, त्याचे पाठांतर एक शब्द विसरताच तुटते. ज्याने विचारला, तो अर्थाच्या आधाराने पुढचा शब्द गाठतो. इंग्रजी सादरीकरणातही हाच अनुभव येतो.

जालन्याच्याच मातीतील एक विषय घेऊन पाहू. समजा, एखाद्या विद्यार्थिनीने इंग्रजीच्या तासासाठी ‘मोसंबी’ हा विषय निवडला. आपल्या जिल्ह्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे. अंबड, घनसावंगी, बदनापूर भागांत तिच्या बागा आहेत. संगणकावरून उतरवून घेतले तर पानभर मजकूर मिळेल. त्यात जीवनसत्त्वे येतील आणि जागतिक उत्पादन येईल. पण तीच विद्यार्थिनी एखाद्या बागायतदाराला भेटली, तर पहिल्या पाच मिनिटांत तिच्या कानावर ‘आंबिया बहार’, ‘मृग बहार’ आणि ‘ताण’ हे शब्द पडतील. ताण या शब्दाला इंग्रजीत काय म्हणावे? शब्दकोशात पाहिले तर मनावरचा ताण सापडतो आणि दोरीचा ताण सापडतो. झाडाचा ताण म्हणजे काय, हे तिला विचारावेच लागेल. बागेचे पाणी ठरावीक काळ तोडतात, झाडाची वाढ थांबते, काही पाने गळतात, झाड विश्रांती घेते. मग पाणी दिले की एकदम फुलोरा येतो. एवढे समजल्यावर तिला अवघड शब्दाची गरजच उरत नाही. ‘द फार्मर स्टॉप्स द वॉटर. द ट्री रेस्ट्स. देन ही गिव्हज वॉटर, अँड द फ्लॉवर्स कम टुगेदर.’ तीन लहान वाक्ये, सातवीच्या व्याकरणाची. पण ती तिची स्वतःची आहेत. कोणी प्रश्न विचारला तर ती डगमगणार नाही, कारण उत्तर तिने बागेत उभे राहून ऐकले आहे.

आपल्या घरांत असे विषय ओसंडून वाहत आहेत. सळई कोणत्या मापाने विकली जाते, बियाण्याच्या पिशवीवर काय काय छापावे लागते आणि का, सरकीचा भाव कशाने हलतो, उधारीचे खाते कसे लिहितात. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी याच गावात ‘महिको’ची स्थापना केली आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. जालन्याच्या बियाण्याची कथा सांगण्यास जालन्याच्या विद्यार्थ्याइतका जवळचा माणूस कोण? तरीही आपली मुले वर्गात ‘ग्लोबल वॉर्मिंग’वर उतरवून आणलेली दहा वाक्ये म्हणतात आणि वडिलांच्या पेढीचे ज्ञान वर्गाबाहेर ठेवतात.

मौन मोडण्यासाठी इंग्रजीच्या शिक्षकांनी ज्या युक्त्या रूढ केल्या आहेत, त्यांपैकी काही जपानी विद्यापीठांच्या वर्गांतही वापरल्या जातात आणि आपल्या घरीही सहज करता येतील. पहिली युक्ती अशी: एकदम साऱ्या वर्गापुढे उभे करायचे नाही. विद्यार्थी आपले बोलणे आधी एकाच सोबत्याला चार मिनिटांत सांगतो. मग दुसऱ्याला तेच तीन मिनिटांत, आणि तिसऱ्याला दोन मिनिटांत. श्रोता बदलतो, विषय तोच राहतो. तिसऱ्या वेळी जीभ सैल झालेली असते आणि पाल्हाळ आपोआप गळून पडतो. हीच तर परिवर्तना. दुसरी युक्ती श्रोत्यांसाठी आहे: ऐकणाऱ्या प्रत्येकाने एक तरी प्रश्न कागदावर लिहायचा. तिसरी मर्यादेची. टोकियोत २००३ साली सुरू झालेल्या ‘पेचाकुचा’ प्रकारात वीस चित्रे आणि प्रत्येकाला वीस सेकंद एवढीच मुभा असते. सहा मिनिटे चाळीस सेकंदांत बोलणे संपते. पडद्यावरचे वाचून दाखवायला तेथे वेळच नसतो.

एक युक्ती तर आपल्याच उपखंडातील आहे. मायकेल वेस्ट हे शिक्षणतज्ज्ञ स्वातंत्र्यापूर्वी बंगालमध्ये काम करीत. गर्दीच्या वर्गांत आणि अपुऱ्या साधनांत इंग्रजी कसे शिकवावे यावर त्यांनी १९६० साली पुस्तक लिहिले. त्यांची सूचना सोपी होती: कागदावरचे वाक्य मनात वाचावे, मग मान वर करून समोरच्याच्या डोळ्यांकडे पाहत ते बोलावे. कागदाकडे पाहत असताना तोंड उघडायचे नाही, एवढाच नियम. रात्री दुकान वाढवून आल्यावर वडिलांनी दहा मिनिटे समोर बसावे, एवढे त्याला पुरते. वडिलांना इंग्रजी येत नसले तरी मान वर आहे की खाली हे त्यांना कळतेच.

आपल्या समाजात याचा एक थोर दाखला आहे. १८९३ साली शिकागो येथे सर्वधर्मपरिषद भरली. निमंत्रण आचार्य विजयानंदसूरी, म्हणजे आत्मारामजी महाराज यांना होते. साधुआचारामुळे समुद्रप्रवास शक्य नव्हता, म्हणून त्यांनी वीरचंद राघवजी गांधी यांना पाठविले. महुव्यात जन्मलेला, मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून १८८४ साली पदवीधर झालेला हा तरुण तेव्हा एकोणतीस वर्षांचा होता. आचार्यांनी या निमित्ताने जो ग्रंथ सिद्ध केला, त्याचे नाव ‘चिकागो प्रश्नोत्तर’. नावातच मर्म आहे. भाषणाच्या आधी प्रश्न आणि उत्तर होते, पृच्छना होती. म्हणूनच परिषदेत हिंदू समाजावर टीका झाली तेव्हा वीरचंदभाई उभे राहून उत्तर देऊ शकले. पाठ केलेले भाषण अशा वेळी उपयोगी पडत नाही.

राहिला प्रश्न विकतच्या असाइनमेंटचा. श्रावकाच्या तिसऱ्या अणुव्रताचे अतिचार आपण प्रतिक्रमणात उच्चारतो. त्यांत चोरीचा माल घेणे आहे, खोटे माप आहे आणि ‘प्रतिरूपक व्यवहार’ही आहे, म्हणजे अस्सलाच्या नावाखाली तशीच दिसणारी नकली वस्तू देणे. जो व्यापारी भेसळीची सरकी आपल्या पेढीच्या पोत्यात भरणार नाही, त्याच्या मुलाने दुसऱ्याचे लिखाण स्वतःच्या नावाने द्यावे आणि त्याचे पैसे घरातून जावेत, हे विसंगत आहे. दुकानातून आणलेले काय किंवा यंत्राकडून लिहून घेतलेले काय, माल प्रतिरूपकच. यंत्राला अर्थ विचारावा, चूक दाखवून घ्यावी. ती पृच्छना आहे. अनुप्रेक्षा मात्र यंत्राकडून करवून घेता येत नाही.

आपल्या मुलींच्या बाबतीत तर ही गोष्ट अधिकच मोलाची आहे. कित्येकींना अनोळखी माणसांपुढे उभे राहून स्वतःचे मत मांडण्याची पहिली संधी या वर्गातच मिळते. लग्नाच्या बायोडाटावर पदवीची ओळ छापली जाते; ती पदवी मिळविताना तिचा आवाज एकदा तरी वर्गात घुमला का, हे कोणी विचारत नाही. घरच्यांनी तरी विचारावे.

करण्यासारखे फार काही नाही. चातुर्मासात स्थानकांत आणि पाठशाळांत वक्तृत्व स्पर्धा होतात. त्यांत भाषणानंतर दोन प्रश्न विचारण्याची प्रथा घालावी आणि एखादा गट इंग्रजीसाठी ठेवावा. चुकीच्या उच्चाराला हसू नये. आणि ‘मला ठाऊक नाही, शोधून सांगते’ या उत्तराला पूर्ण गुण द्यावेत, कारण ते सत्यव्रताला धरून आहे. घरी मूल असाइनमेंट घेऊन आले की किती गुणांची आहे हे नंतर विचारावे. आधी एवढेच म्हणावे: यात तू कोणाला काय विचारलेस, ते सांग. त्याने उत्तर दिले तर समजावे की आपल्या घरी तप घडते आहे.